वॉर्डातल्या सिस्टरांना रिसर्च शिकवायचंय, पण झोप न आणता: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इन-सर्व्हिस क्लास असो, सीएनई (नोकरीतल्या नर्सेसचं पुढचं शिक्षण) असो नाहीतर स्टुडंट्सचं क्लिनिकल पोस्टिंग, ट्यूटर आणि इनचार्ज सिस्टर फिरून फिरून तेच प्रश्न विचारतात, म्हणून म्हटलं एकदाच सगळं एका जागी लिहून टाकू. क्रम वगैरे काही लावलेला नाही. जिथे सांगण्यासारखं जास्त आहे तिथे लांबण लागलीये, बाकी ठिकाणी दोन ओळींत आटपलंय.

'एव्हिडन्स बेस्ड प्रॅक्टिस' म्हणजे नक्की काय हो?

वॉर्डात आपण जे करतो ते 'आमच्या इथे पहिल्यापासून असंच करतात' म्हणून करायचं नाही, त्यावर जे चांगले अभ्यास झालेत ते काय सांगतात ते बघून करायचं, एवढंच. पण नुसता अभ्यासच असंही नाही. डेव्हिड सॅकेट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ साली जी मांडणी केली तिच्यात तीन गोष्टी आहेत: मिळेल तो सगळ्यात चांगला पुरावा, आपला स्वतःचा कामातला अनुभव, आणि समोरच्या पेशंटला काय हवंय ते. तिसरी गोष्ट आपण पटकन विसरतो. त्यामुळे 'पेपरमध्ये लिहिलंय म्हणून करायचं' हे पण एव्हिडन्स बेस्ड नाही, तो फक्त नवीन हुकूम झाला.

बीएस्सीला रिसर्च विषय असतोच की, मग परत कशाला शिकवायचं?

असतो, आणि पेपर झाला की डोक्यातून जातो. कारण आपण रिसर्च शिकतो ते 'रिसर्च करायला' शिकतो, 'वापरायला' नाही. एमएस्सीचे थिसिस बघा ना, शेकडो टायटल एकाच साच्यातली, 'अमुक विषयाच्या ज्ञानावर स्ट्रक्चर्ड टीचिंग प्रोग्रामची परिणामकारकता', वन ग्रुप प्री-टेस्ट पोस्ट-टेस्ट, शिकवल्यावर मार्क वाढले, निष्कर्ष काय तर प्रोग्राम परिणामकारक. अहो शिकवल्या शिकवल्या लगेच विचारलं तर मार्क वाढणारच, त्यात नवल काय. पण आठ दिवसांनी तीच सिस्टर वॉर्डात काय करते ते कोणी जाऊन बघत नाही. वॉर्डातल्या सिस्टरला थिसिस लिहायचा नाहीये, तिला फक्त एवढं यायला हवं की कोणी म्हणालं 'रिसर्च असं सांगतो', तर हा रिसर्च कसला, किती लोकांवर केला, आणि आपल्या पेशंटला लागू होतो का, हे तिने विचारावं.

लेक्चर घेतलं, पीपीटी दाखवली, तेवढ्याने होत नाही का?

थोडं होतं. कॉक्रेन या, झालेले सगळे अभ्यास एकत्र करून तपासणाऱ्या संस्थेने हेल्थ स्टाफच्या ट्रेनिंग मीटिंगांवर २०२१ साली जो रिव्ह्यू अपडेट केला त्यात, ट्रेनिंग घेतलेल्यांच्या कामात मधली सुधारणा साधारण ७ टक्क्यांची निघाली. म्हणजे शून्य नाही, पण हॉल बुक करून, जेवण देऊन, बॅनर लावून एवढाच फरक.

आणि आपल्याकडचं चित्र डोळ्यासमोर आणा. सकाळची ड्युटी संपवून दुपारी २ वाजता सिस्टर हॉलमध्ये येऊन बसलीये, हँडओव्हर लांबला म्हणून धड जेवण झालेलं नाही, पोरांची शाळा सुटायची वेळ झालीये, एसी चालू आहे, आणि समोर ६० स्लाइडची पीपीटी त्यात पुस्तकातले अख्खे पॅरेग्राफ चिकटवलेले. ती झोपली तर तिची चूक आहे का?

म्हणून पुढे सांगते ते सगळं नाटक, खेळ, प्रयोग वगैरे. पण एक अट आहे आणि ती मी प्रत्येक ठिकाणी परत परत सांगणार आहे: खेळ संपल्यावर वॉर्डातली एक ठरावीक गोष्ट बदलायला हवी. ती नसेल तर तो खेळ नर्सेस डेच्या कार्यक्रमात ठेवा, शिक्षण म्हणून त्याचे तास लावू नका.

तो चिक्कीचा प्रयोग काय आहे? सगळे त्याबद्दलच विचारतात

मूळ कल्पना अमेरिकेतली, १९८० च्या दशकातली. तिथल्या नर्सिंग शिक्षकांनी चॉकलेट चिप कुकीज घेऊन अख्खी क्लिनिकल ट्रायल करायला लावली, दोन प्रकारच्या कुकीज, खाणाऱ्याला माहीत नाही कुठली कुठली आहे, आणि मार्क द्यायचे. मग ती आयडिया जगभर फिरली. आपल्याकडे कुकीज कशाला, शेंगदाण्याची चिक्की घ्या, दोन वेगळ्या दुकानांची, एक महाग एक स्वस्त. कोणी नुकतंच लोणावळ्याहून आलं असेल तर अर्धं काम झालंच.

आता प्रश्न ठरवायचा: महाग चिक्की खरंच जास्त चांगली लागते का? इथेच पिको, म्हणजे रिसर्चचा प्रश्न चार भागांत मांडायची पद्धत, शिकवून होतं. पेशंट म्हणजे आपला स्टाफ, इंटरव्हेन्शन महाग चिक्की, कम्पॅरिझन स्वस्त चिक्की, आउटकम म्हणजे ० ते १० मध्ये चवीचे मार्क. आपण पेशंटला पेन स्कोअर विचारतो तसेच. आणि लगेच कोणीतरी म्हणतंच, 'माझे ६ आणि हिचे ६ सारखे कशावरून?' म्हटलं, शाब्बास, हाच प्रश्न पेन स्कोअरला पण विचारत जा.

मग पुढची गंमत. वेष्टनं काढून टाकायची, एकीनेच बाहेरच्या खोलीत जाऊन प्लेटवर खुणा करायच्या, आणि जी चिक्की देणार तिला पण माहीत नको कुठली महाग आहे, झालं डबल ब्लाइंड. कोण आधी कुठली खाणार ते चिठ्ठ्या टाकून ठरवायचं, कारण पहिली गोड लागते, दुसरी त्या मानाने फिकी वाटते. डायबेटिसवाल्या सिस्टर, दात दुखणाऱ्या, शेंगदाण्याची अ‍ॅलर्जीवाल्या, सगळ्या बाहेर, हे एक्सक्लुजन क्रायटेरिया. खायच्या आधी तोंडी का होईना कन्सेंट घ्यायचा, आणि 'नको' म्हणणारीला कोणी आग्रह करायचा नाही, हे आपल्याकडे सगळ्यात अवघड जातं, आपल्याला आग्रह केल्याशिवाय राहवत नाही! आणि मध्येच कोणाला तरी अ‍ॅडमिशन आली म्हणून वॉर्डात पळावं लागतं, तिची दुसरी चिक्की राहते. आता तिचे मार्क धरायचे की नाही? ड्रॉप-आउट हा शब्द मी कधी व्याख्या देऊन शिकवत नाही, तो असा आपोआप येतो.

शेवटी मोजणी. समजा १० जणींपैकी ७ जणींना महाग आवडली. सगळ्या ओरडतात, 'बघा, महाग ती महागच!' तेव्हा प्रत्येकीच्या हातात एक नाणं द्यायचं आणि सांगायचं, १० वेळा उडवा आणि किती छापे पडले ते फळ्यावर लिहा. एखाद-दोघींचे तरी ७ किंवा ८ बहुतेक वेळा निघतात. म्हणजे चवीत काडीचा फरक नसता तरी नुसत्या योगायोगाने ७ किंवा त्याहून जास्त येण्याची शक्यता जवळपास १७ टक्के आहे. ९ किंवा १० आले असते तर ती शक्यता १ टक्क्याच्या आसपास, मग विचार केला असता. पी व्हॅल्यू (खरा फरक नसतानाही असा निकाल योगायोगाने यायची शक्यता) या प्रकाराला घाबरून ज्यांनी आयुष्य काढलं त्यांना हे नाणं उडवताना कळतं, फळ्यावर फॉर्म्युला लिहून आजवर कोणाला कळलेलं मी पाहिलं नाही.

चिक्की नको असेल तर चहा आहे. १९२० च्या दशकात इंग्लंडमध्ये रोनाल्ड फिशर या संख्याशास्त्रज्ञाने खरंच असा प्रयोग केला होता. एक बाई म्हणत होत्या की कपात दूध आधी घातलं की चहा आधी हे मला चवीवरून कळतं, तर त्याने ८ कप मांडले, ४ असे ४ तसे. नुसत्या अंदाजाने सगळे बरोबर यायची शक्यता ७० मध्ये १. आपल्याकडे दूध घालून उकळलेला चहा असतो म्हणून हा प्रयोग जरा बदलावा लागतो, साखरेचा आणि गुळाचा वगैरे, पण होतो मस्त.

ठीक आहे, चिक्की खाल्ली, पुढे वॉर्डात काय?

त्याच आठवड्यात 'का बरं?' डबा ठेवायचा. बुटाचा खोका चालतो. वॉर्डातली कुठलीही गोष्ट जी आपण का करतो ते आपल्यालाच माहीत नाही, ती चिठ्ठीवर लिहून टाकायची, नाव लिहायचं नाही. मावशी आणि मामांना पण सांगा, त्यांच्या चिठ्ठ्या सगळ्यात भारी असतात.

साधारण काय येतं सांगते. डिलिव्हरीच्या आधी सगळ्या बायांचं शेव्हिंग आणि एनिमा का करतो? कॅथेटर काढायच्या आधी क्लॅम्प का करतो? ऑपरेशनच्या आदल्या रात्री रेझरने केस का काढतो? आरटीची (नाकातून पोटात घालतो त्या नळीची) पोझिशन बघायला हवा मारून स्टेथोने का ऐकतो? आता यातल्या बऱ्याचशांचं उत्तर केव्हाच मिळालेलं आहे. प्रसूतीच्या वेळी रूटीन शेव्हिंग आणि एनिमा करू नका असं डब्ल्यूएचओच्या २०१८ च्या गाइडलाइनमध्ये स्पष्ट आहे. ऑपरेशनच्या आधी केस काढूच नका, अगदी लागलेच तर क्लिपरने काढा, रेझर नको, हे २०१६ च्या सर्जिकल इन्फेक्शनच्या गाइडलाइनमध्ये आहे. तरी अजून ट्रेमध्ये ब्लेड दिसतंच.

डब्यातून एकच चिठ्ठी उचलायची. एका वेळी एकच. पाच विषय घेतले की पाचही अर्धवट राहतात.

इंट्राकॅथ (सलाईनसाठी शिरेत घालतो ती नळी, म्हणजेच लाइन) दर ७२ तासांनी बदलायचीच ना? आमच्या इथे तसा नियमच आहे

हा माझा सगळ्यात आवडता विषय, कारण इथे पुरावा सरळसोट नाही आणि शिकवायला त्यातच मजा आहे.

ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँडच्या तीन हॉस्पिटलांमध्ये क्लेअर रिकर्ड आणि त्यांच्या टीमने एक मोठी ट्रायल केली, ती २०१२ साली लॅन्सेट या नावाजलेल्या मेडिकल जर्नलमध्ये आली. रिकर्ड स्वतः नर्स आहेत, हे स्टुडंट्सना मुद्दाम सांगा, लॅन्सेट म्हणजे फक्त डॉक्टरांचं काम असं त्यांना वाटतं. ३,२८३ पेशंट, एका गटाची लाइन ठरलेल्या दिवशी बदलायची, दुसऱ्या गटाची फक्त गरज पडली तर, म्हणजे दुखतंय, लाल झालंय, सुजलंय, चालत नाहीये, तेव्हाच. शिरेला सूज येण्याचं प्रमाण? दोन्हीकडे ७ टक्के. म्हणजे बिनकारणाने पेशंटला परत टोचून काही फायदा दिसला नाही, वर सामान गेलं आणि सिस्टरचा वेळ गेला.

झालं, सगळ्या खूश, नियम बदला! थांबा. जिनिव्हाच्या युनिव्हर्सिटी हॉस्पिटलांनी असाच बदल केला, रूटीन बदलणं बंद केलं, आणि तिथे लाइनमुळे होणारं रक्तातलं इन्फेक्शन वाढलेलं दिसलं, मग त्यांनी जुना नियम परत आणला. हा अभ्यास २०२१ साली आला. ती ट्रायल नव्हती, बदलाच्या आधीचं आणि नंतरचं बघितलेलं होतं, पण आकडा फार मोठा होता, लाखो लाइनींचा, आणि रक्तातलं इन्फेक्शन इतकं क्वचित होतं की ३ हजारांच्या ट्रायलमध्ये ते नीट दिसणारच नाही.

मग क्लासमध्ये मी दोन गट पाडते, एकाला ऑस्ट्रेलिया, एकाला जिनिव्हा, आणि मधोमध एकीला पेशंट करून बसवते, ७० वर्षांच्या आजी, दोन्ही हातांच्या शिरा संपलेल्या, तीनदा टोचून झालंय. दोन्ही गटांनी आजींना समजेल अशा मराठीत आपली बाजू मांडायची. इंग्लिश शब्द आला की आजी म्हणणार 'काय म्हणालीस गं पोरी?' या एका नियमाने अर्धा क्लास घामाघूम होतो. आणि शेवटी आजी ज्या गोष्टीवर येऊन थांबतात ती म्हणजे 'बदला नाहीतर ठेवा, पण कोणीतरी रोज येऊन हात बघणार आहे का?' खरा मुद्दा तोच आहे. गरज पडेल तेव्हा बदलायचं हे तिथेच चालतं जिथे प्रत्येक शिफ्टला साइट खरोखर बघितली जाते, चार्टवर नुसती टिक मारली जात नाही.

म्हणून दुसरा भाग प्रॅक्टिकल. पाच-सहा जणींच्या हातावर लिपस्टिकने लालसरपणा काढायचा, कुठे नुसता सुईपाशी, कुठे शिरेवरून वर दोन-तीन बोटं, एकीला सांगून ठेवायचं की दाबलं की 'आई गं' म्हण, आणि वर चिकटपट्टी. बाकीच्यांनी फिरून व्हीआयपी स्कोअर (शिरेची सूज बघून द्यायचा आकडा) द्यायचा, ० ते ५, एकमेकींचं न बघता. मग फळ्यावर मांडा. एकाच हाताला कोणी १ दिलाय कोणी ३. स्कोअर २ झाला की लाइन काढून दुसरीकडे घालायची असते, म्हणजे हा फरक किरकोळ नाही, एका सिस्टरच्या ड्युटीत लाइन निघेल आणि दुसरीच्या ड्युटीत राहील.

आणि हो, हे सगळं शिकून एकटीने नियम मोडायचा नाही. पॉलिसी बदलायची तर इन्फेक्शन कंट्रोल कमिटीतून. तोवर जो नियम आहे तो पाळा आणि साइट बघायची सवय लावा.

आरटीचं काय? हवा मारून ऐकतो ते चुकीचं आहे?

भरवशाचं नाही. नळी फुप्फुसात असली तरी पोटावर स्टेथो ठेवल्यावर गुडगुड ऐकू येऊ शकते. ब्रिटनमध्ये यावर २००५ सालीच सेफ्टी अलर्ट निघाला की हवेवर विसंबू नका, नळीतून पाणी ओढून त्याचा पीएच (किती आंबट ते) बघा, ५.५ किंवा कमी असेल तर फीड सुरू करा, नाहीतर एक्स-रे. निळा लिटमस पण नको, त्याला पुरेसा बारीक फरक कळत नाही.

शिकवायला चार कप लागतात. लिंबूपाणी, दूध, खाण्याच्या सोड्याचं पाणी आणि लिंबूपाण्यात थोडं दूध. पीएच स्ट्रिप बुडवायला लावा. शेवटचा कप महत्त्वाचा, कारण फीड पोटात असताना तपासलं तर आकडा वर जातो, आणि अ‍ॅसिडिटीची औषधं चालू असलेल्या पेशंटमध्ये पण तेच. नॉर्मल सलाईन मात्र या खेळात घेऊ नका, त्याचा स्वतःचाच पीएच ५.५ च्या आगेमागे असतो आणि सगळा घोळ होतो. पीएच स्ट्रिप तुमच्या हॉस्पिटलात येतच नसतील तर आधी स्टोअरला इंडेंट टाका, मग क्लास घ्या. स्ट्रिप नसताना हे शिकवणं म्हणजे त्या बिचाऱ्यांना नुसतं अपराधी वाटायला लावणं.

हात धुण्याचं तर सगळ्यांना येतं, त्यात काय क्रिएटिव्ह करणार?

पोस्टर कलर घ्या, ग्लोव्ह घाला, डोळ्यांवर पट्टी बांधा, तळहातावर रंग ओता आणि हँडरब लावल्यासारखे हात चोळायला सांगा. पट्टी काढली की अंगठे, बोटांची टोकं आणि हाताची मागची बाजू कोरी. याच जागा सुटतात हे ब्रिटनमधल्या १९७८ च्या अभ्यासात पण दिसलं होतं, तेव्हा वाईट वाटून घेऊ नका. २० वर्षं नोकरी झालेल्या सिस्टरच्या हातालाही तेच होतं आणि फर्स्ट इयरच्या पोरीच्या हातालाही, त्यामुळे वातावरण हलकं राहतं. हँडरबला २० ते ३० सेकंद, साबण-पाण्याला ४० ते ६०. बेसिनपाशी नळ नाहीतर साबण नसेल तर आधी तो आणा, हे परत सांगते.

सेमेलवाइस या डॉक्टरची गोष्ट सांगायची असेल तर पूर्ण सांगा. व्हिएन्नात १८४७ साली त्याने डॉक्टरांना क्लोरिनच्या पाण्याने हात धुवायला लावले आणि बाळंतिणींचे मृत्यू धाडकन खाली आले, एवढं सगळे सांगतात. आकडे त्याच्या बाजूने होते तरी लोकांनी त्याचं ऐकलं नाही, हा भाग आपल्या विषयाचा आहे. पुरावा असून भागत नाही, तो समोरच्याला पटेल असा पोचवावा लागतो, आणि त्यात तो कमी पडला.

हे सगळं फॉरेनचं झालं. आपल्याकडचं काही उदाहरण आहे का?

आहे ना, आणि एकदम तगडं. गडचिरोली. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने गावातल्या बायांना शिकवून घरच्या घरी नवजात बाळाची काळजी घ्यायला लावली. ३९ गावांत हे काम झालं, तुलनेला शेजारची गावं होती, आणि त्या गावांच्या तुलनेत नवजात बाळांचा मृत्युदर तिसऱ्या वर्षापर्यंत ६२ टक्क्यांनी खाली आला. १९९९ साली लॅन्सेटमध्ये आलं. पुढे आशा ताई घरी जाऊन बाळ बघतात तो राष्ट्रीय कार्यक्रम यातूनच २०११ पासून देशभर गेला.

पण शिकवण्याच्या दृष्टीने मला त्यातला आधीचा एक भाग जास्त आवडतो. न्यूमोनिया ओळखायचा तर बाळाचे श्वास मिनिटाला किती ते मोजावे लागतात, दोन महिन्यांच्या आतल्या बाळाला ६० आणि वरच्याला वर्षापर्यंत ५० ही रेषा. आता ज्या दाईला तेवढे आकडेच मोजता येत नाहीत तिने काय करायचं? तर त्यांनी एक साधं यंत्र बनवलं, एका मिनिटाचं वाळूचं घड्याळ आणि शेजारी मणी. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा, वाळू संपायच्या आत लाल मणी आला तर न्यूमोनिया. वयाप्रमाणे मण्यांची ओळ वेगळी. म्हणजे संशोधनातला आकडा बाईच्या बोटात आणून ठेवला, तिला आकडा पाठ करायला लावला नाही. तुमच्या ट्रेनिंगमध्ये हे जमतंय का ते तपासा. आम्ही लोक उलटं करतो, अख्खी गाइडलाइन लॅमिनेट करून नर्सिंग स्टेशनच्या मागे लावतो जिथे कोणाची नजर जात नाही.

१२ मे ला रांगोळी, स्किट वगैरे असतंच. ते यात बसतं का?

बसवलं तर बसतं. आता बघा, जिचा वाढदिवस आपण साजरा करतो ती फ्लॉरेन्स नाइटिंगेल दिवा घेऊन फिरली हे सगळ्यांना माहीत, पण तिने १८५८ साली क्रिमियन युद्धातल्या सैनिकांच्या मृत्यूंचा जो गोल आलेख छापला तो किती जणींनी बघितलाय? वर्षाच्या १२ महिन्यांच्या १२ पाकळ्या, निळा रंग टाळता येण्यासारख्या आजारांचा, लाल जखमांचा, काळा बाकी कारणांचा. निळ्या पाकळ्या एवढ्या मोठ्या की बघणाऱ्याला लगेच कळतं, सैनिक गोळीपेक्षा घाणीने जास्त मेले.

हा आलेख म्हणजे तयार रांगोळीच आहे की हो! मोर आणि कमळ काढण्यापेक्षा आपल्या वॉर्डाच्या १२ महिन्यांच्या पाकळ्या काढा, नीडल स्टिक, बेडसोर, पडलेले पेशंट, जे रजिस्टरमध्ये असेल ते. एक बारकावा मात्र सांभाळा, पाकळीचं क्षेत्रफळ आकड्याच्या प्रमाणात हवं, लांबी नव्हे. चौपट केसेस असतील तर पाकळी दुप्पट लांब, चौपट नाही, नाहीतर रांगोळी खोटं बोलते.

वॉर्डावॉर्डांची तुलना करणारी रांगोळी अजिबात नको. एकदा का 'कोणाच्या वॉर्डात जास्त बेडसोर' अशी स्पर्धा लागली की पुढच्या वर्षी रजिस्टरमध्ये नोंदीच होत नाहीत.

आमचं इंग्लिश कच्चं आहे, पेपर कसे वाचायचे?

अख्खा पेपर वाचायचाच नाही सुरुवातीला. कॉक्रेनच्या प्रत्येक रिव्ह्यूला सोप्या भाषेतला सारांश असतो, तो फुकट असतो, मोबाईलवर उघडतो. चौघींनी मिळून तो एक पानाचा मजकूर मराठीत तोंडी सांगायचा, लिहायचा नाही, बोलायचा. जर्नल क्लब असं भारदस्त नाव द्यायची गरज नाही, चहाच्या वेळेत १५ मिनिटं पुरतात. चारच प्रश्न: कोणावर केलं, कशाशी तुलना केली, काय निघालं, आपल्या वॉर्डात चालेल का.

व्हॉट्सअ‍ॅपवर आलेली माहिती, नाहीतर एआयला विचारलेलं चालेल?

प्रश्न सुचायला चालेल. उत्तर म्हणून नाही, मूळ पेपर नाहीतर गाइडलाइन स्वतः उघडून बघितल्याशिवाय तर नाहीच.

सरांना आणि मेट्रन मॅडमना कोण समजावणार?

खरं दुखणं हेच आहे. सिस्टर शिकून आली, पटलं, आणि राउंडला सर म्हणाले 'ते सोडा, नेहमीसारखं करा'. म्हणून एकटीला ट्रेनिंगला पाठवून काही होत नाही. चिक्कीच्या प्रयोगाला रजिस्ट्रारला बोलवा, ते येतात, खायला आहे म्हटल्यावर तर नक्कीच. मॅडमना आकडा दाखवा, मत नाही. 'बेडसोर वाढलेत' यापेक्षा 'या महिन्यात इतके बेडसोर, त्यातले इतके दुसऱ्या आठवड्यात आले' हे ऐकलं जातं. आणि एनएबीएचची (हॉस्पिटलच्या दर्जाच्या मान्यतेची) तयारी चालू असेल तर तीच वेळ साधा, तेव्हा कुठल्याही चांगल्या गोष्टीवर सही पटकन मिळते.

६० पेशंटला दोन सिस्टर, यात वेळ कुठून आणायचा?

वेळ नाहीच, खरं आहे, आणि कुठल्याही क्रिएटिव्ह पद्धतीने स्टाफची भरती होत नाही. माझं म्हणणं इतकंच की 'का बरं?' डब्यातून पहिली चिठ्ठी अशी उचला ज्याने काम कमी होईल. रूटीन एनिमा बंद केला तर सिस्टरचे आणि मावशींचे रोजचे तास वाचतात. नवीन चार्ट भरायला लावणारा बदल पहिला घेतलात तर दुसऱ्या क्लासला कोणी येणार नाही, आणि बरोबरच आहे त्यांचं.

फरक पडला हे कसं कळणार?

पोस्ट-टेस्टच्या मार्कांवरून नाही. एकच मोजमाप ठरवा जे वॉर्डात दिसतं, जसं की आज वॉर्डात जेवढ्या इंट्राकॅथ आहेत त्यातल्या किती जणांच्या साइटवर घातल्याची तारीख लिहिलीये. राउंड मारून दहा मिनिटांत मोजून होतं. क्लासच्या आधी मोजा, नंतर दर सोमवारी मोजा, ग्राफपेपरवर ठिपके द्या आणि तो कागद जिथे ड्युटी लिस्ट लागते तिथे लावा, तिथे सगळे बघतातच. ठिपके दीड महिन्यांनी परत खाली यायला लागले तर घाबरू नका, रोटेशनमध्ये नवीन स्टाफ आलेला असतो.

यासाठी एथिक्स कमिटीची परवानगी लागते का?

वॉर्डातली सुधारणा म्हणून स्वतःपुरतं मोजत असाल तर हॉस्पिटलच्या नेहमीच्या मंजुरीवर भागतं. पण पेशंटची माहिती घेऊन ते छापायचं, कॉन्फरन्सला मांडायचं, थिसिसमध्ये घालायचं असेल तर आधी कमिटीकडे जा, काम झाल्यावर मागे जाऊन परवानगी मिळत नाही. पेशंटचे फोटो तर मोबाईलवर काढूच नका, म्हणून तर लिपस्टिक आहे.

पहिल्या सेशनला सामान काय काय लागेल?

दोन प्रकारची चिक्की, कागदी प्लेटा, चिठ्ठ्या, दहा-बारा नाणी (नाणी हल्ली कोणाकडे नसतात, कॅन्टीनवाल्याकडून आणा), खडू, एक बुटाचा खोका आणि प्यायचं पाणी. दोन घासांच्या मध्ये चूळ भरायला सांगा, नाहीतर पहिल्या चिक्कीची चव दुसरीत मिसळते आणि मग चर्चा भलतीकडेच जाते. वेळ एक तास. प्रोजेक्टर नको.